कात टाकणारं घर

परवा जपानमधल्या निगाताला जाऊन आले तेव्हापासून डोक्यात एकच घर फिरतंय, म्हणून लिहून टाकते.

तोक्योहून शिन्कानसेनने एचिगो-युझावा, तिथून होकुहोकू लाइनची छोटीशी ट्रेन, की आलं तोकामाची. या सगळ्या पट्ट्याला एचिगो-त्सुमारी म्हणतात. हिवाळ्यात दोन-तीन मीटर बर्फ साचतो, डोंगरउतारावर भातखाचरं, आणि तरुण पोरं सगळी शहरात, त्यामुळे घरं बंद, शाळा बंद. आमच्या कोकणातल्या वाडीचीच गत. इथे २००० साली कला-दिग्दर्शक कितागावा फ्राम यांनी कला महोत्सव सुरू केला, साधारण दर तीन वर्षांनी भरतो. सुरुवातीला गावातून चांगलाच विरोध होता म्हणे, आणि मला तो विरोध समजतो, बाहेरचा माणूस येऊन आपल्या शेतात कला करतो म्हटल्यावर कोण लगेच हो म्हणेल?

तर ते घर. तोगे नावाच्या वस्तीतलं, दीडशे वर्षांहून जुनं. शिल्पकार कुराकाके जुन्इची आणि निहोन युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी पटाश्या घेऊन ते आतून पूर्ण कोरलं, २००६ मध्ये लोकांसाठी उघडलं. पूर्ण म्हणजे खांब, तुळया, भिंती, जमीन, काहीच सोडलं नाही. वरचं लाकूड धुरानं काळं, आणि पटाशीचा घाव बसला तिथे आतलं फिकट लाकूड बाहेर आलेलं. बूट काढून आत गेले तर मोज्यांतूनसुद्धा तळव्यांना एकेक खाच लागत होती. घराचं नावच 'कात टाकणारं घर', आणि तिथे रात्री राहताही येतं.

पण खरं शिकायला मिळालं ते उबुसुना हाउसमध्ये. १९२४ चं गवताने शाकारलेलं घर, २००४ च्या भूकंपानंतर ओस पडलेलं. कुंभारकाम करणाऱ्या कलाकारांनी त्यात चूल, शेगडी, बेसिन, अगदी आंघोळीचा टबही मातीचा भाजून बसवला. आणि स्वयंपाक कोण करतं तर गावातल्या बायका! त्यांच्याच शेतातला भात, भाज्या. कलाकार गेले तरी चूल पेटतेच आहे, कारण ती गावाच्या हातात आहे. नुसत्या भिंती रंगवून निघून गेले असते तर दोन पावसाळ्यांत सगळं पुसलं असतं, हे माझं ठाम मत.

आणि आपलं नातं तर या महोत्सवाच्याही आधीचं. तोकामाचीतल्याच एका बंद पडलेल्या शाळेत तोक्यो सोडून आलेले संगीतकार हासेगावा तोकिओ यांनी १९८२ मध्ये भारतीय लोकचित्रांचं मिथिला म्युझियम उभं केलं. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे तिथे राहून वारली चित्रं काढून गेलेत. बर्फाच्या गावात, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा ज्याच्या हाताला ठाऊक, असा आपला माणूस! मला तर भरूनच आलं.

आमचं कोकणातलं घर सामायिक सातबाऱ्यावर अडकलंय, गणपतीचे पाच दिवस उघडतं, मग परत कुलूप. यंदा गेले की काकांशी बोलणार आहे, विकूया नको, वाटणीही नंतर बघू, आधी पडवी कुणाला तरी काम करायला देऊया, जेवणाचं वाडीतल्या काकवांना विचारूया. आणि माजघरातली चूल एकदा पेटवून बघायचीय, धूर अजून कौलांतून नीट वर जातो का.