एकोणीस गुण

छोटीनं काही टोचायला म्हणून विचारलं नव्हतं, हे कळतं मला. तरी काल रात्रीपासून ते डोक्यातून जाईना. स्क्रॅबलमध्ये, म्हणजे अक्षरं जुळवून इंग्रजी शब्द लावायच्या खेळात, मी झॅक्स लावला, झेडचे दहा, एचा एक, एक्सचे आठ, सरळ एकोणीस गुण, आणि ती म्हणाली, आत्या, याचा अर्थ काय गं? म्हटलं, चालतो, डिक्शनरीत आहे. हो, पण अर्थ?

अर्थ मला ठाऊक नव्हता. असे किती शब्द मी पाठ केलेत, क्यू आला आणि यू नसला तर क्यू-आय लावायचा, झेडला नुसता ए जोडला तरी चालतो, सगळं बोटांवर आहे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून, त्यामुळे या खेळानं मला वाटायला लागलं होतं की आता आपल्यालाही येतं. आणि ऑफिसात बाहेरच्या पार्टीचा फोन आला की टॉवेलचा साईज, वजन, डिलिव्हरी एवढं सांगून मी गप्प. यातला एक शब्द कधी तोंडात आला नाही. मग मी शिकले काय इतके दिवस? बाबा असते तर त्यांनी... जाऊ दे.

न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, फ्रेंच बोलता येत नसताना, नुसते शब्द पाठ करून. आधी याचं मला केवढं कौतुक होतं. काल तेच आठवून रडू आलं, कारण तो निदान चॅम्पियन तरी झाला.

आज दुपारी उन्हामुळे दार लावून पडले होते तेव्हा शेवटी झॅक्स शोधला. छपराचे स्लेटचे दगड तासायचं आणि त्यांना भोकं पाडायचं हत्यार. म्हणजे आपल्याकडे शहाबादी फरशी बसवताना गवंडी उकिडवा बसून कड टिपतो, तो टक् टक् आवाज, पायावर पांढरी धूळ, तसलंच काहीतरी काम. मग एकदम तो शब्द मला आवडायलाच लागला.

आणि मग आठवलं, सोलापुरात अशोक चौकाकडच्या घरी, तेलुगू शेजारात असताना आम्ही तेलुगू कुठे शिकायला गेलो होतो? लपाछपीत ज्याच्यावर राज्य तो ओकटी, रेंडू, मूडू म्हणायचा, आम्हीही म्हणायचो, ते आकडे आहेत हे पण आधी कळलं नव्हतं. पण समोर कुणीतरी होतं, ते काहीतरी बोलायचं, आपण उत्तर द्यायचो, चुकलं तर पोरं हसायची आणि परत खेळायची, त्यातच ते येत गेलं. पाठ करण्यात वाईट काही नाही, शब्द आधी घरात आला, ओळख नंतर होईल, चालायचंच. फक्त मी त्यांच्याशी बोललेच नाही कधी.

तर छोटीला आज सांगितलं, यापुढे शब्द लावला की त्याचं वाक्य करायचं, नाही आलं तर गुण निम्मे. ती लगेच म्हणाली, मग तुझे कालचे पण निम्मे. म्हटलं, बरं. रविवारी दादा पण बसणारेय खेळायला, त्याला नियम अजून सांगितला नाही, तो तर नुसता गुणांवर खेळतो, वाद घालणार खूप.