ओळखीच्या फायली बाजूला काढताना

एका जुन्या कॉम्प्युटरची डिस्क तपासायची होती. मूळ डिस्कला हात न लावता तिची इमेज, म्हणजे बाइट न बाइट तशीच नक्कल, घेतली आणि ऑटोप्सी या डिस्क तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. फायली लाखांच्या घरात. बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिमच्या, ब्राउझरच्या, फॉन्टच्या. वापरणाऱ्याने कधी उघडूनही न पाहिलेल्या. आधी हा पसारा दूर करायला हवा होता.

नावावर विसंबता येत नाही, कारण कुठल्याही फायलीला सिस्टिम फायलीचं नाव देता येतं. हॅश म्हणजे फायलीवरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण. तो मात्र नाव पाहतच नाही, फक्त आतले बाइट पाहतो. एक बिट बदलला तरी एसएचए-२५६ या हॅशपद्धतीची ६४ चिन्हांची ओळ पार वेगळी येते.

जुळवायला यादी घेतली ती अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेच्या नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररीची. ही मंडळी सॉफ्टवेअर जमवतात, त्यातल्या एकेका फायलीचा हॅश नोंदवतात आणि यादी फुकट देतात. हे काम मला फार मोलाचं वाटतं.

ऑटोप्सी जुळणी एमडी५ या जुन्या हॅशपद्धतीवर करतं, तिथे मी थांबलो. एमडी५ची टक्कर २००४ मध्येच दाखवली गेली आहे. पण टक्कर म्हणजे दोन्ही फायली स्वतः घडवून त्यांचा हॅश सारखा आणणं. दुसऱ्याने आधीच बनवलेल्या फायलीच्या हॅशला आपली फाईल जुळवणं ही निराळी गोष्ट, आणि ती एमडी५बाबतही अजून व्यवहारात जमलेली नाही. म्हणून ढीग उपसायला एमडी५ चालवून घेतला. अहवालात जाणाऱ्या फायलींचा एसएचए-२५६ वेगळा काढला.

खरी काळजी पुढे होती. यादीत असलेली फाईल ‘ओळखीची’ असते, निर्धोक असेलच असं नाही. या लायब्ररीत हॅकिंगची आणि चित्रात माहिती लपवण्याची साधनंही नोंदलेली आहेत. डोळे मिटून सगळं लपवलं असतं तर तीही लपली असती. त्यामुळे जुळलेल्या फायली कोणत्या प्रकारच्या सॉफ्टवेअरच्या आहेत हे पाहूनच त्या दृष्टीआड केल्या. शून्य बाइटच्या फायली तर मोजल्याच नाहीत. त्या सगळ्यांचा हॅश एकच.

उरलं ते हाताने पाहण्याजोगं होतं: कागदपत्रं, फोटो, लॉग, सेटिंगच्या फायली. त्यांतच सिस्टिमच्या नावाच्या काही डीएलएल (प्रोग्रॅम वापरतात त्या कोडच्या फायली), यादीत न सापडलेल्या. डिजिटल सही तपासली, ती वैध निघाली. यादीनंतर आलेल्या अपडेटच्या फायली होत्या त्या. त्यांचे हॅश माझ्या स्वतःच्या संचात टाकून ठेवले, पुढच्या डिस्कसाठी.