मेटल आणि १९१४चा नाताळ
दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघत होतो. भाच्याने कानात इयरफोन खुपसला, "मामा, हे ऐकच." सबाटन नावाचा स्वीडिश मेटल (म्हणजे दणदणीत रॉक) बँड, गाणं 'ख्रिसमस ट्रूस', म्हणजे नाताळची युद्धबंदी. म्हटलं, झालं, आता डोकं उठणार! तर सुरुवात चक्क पियानोने. मग ड्रम्स आले नि अंगावर सर्रकन काटा. गाण्यातली गोष्ट पहिल्या महायुद्धाची: डिसेंबर १९१४, पश्चिम आघाडी, म्हणजे फ्रान्स-बेल्जियमकडची रणभूमी. जर्मन नि ब्रिटिश शिपाई खंदकांतून बाहेर आले, एकमेकांना तंबाखू दिली, मधल्या पट्ट्यात पडलेली आपापली माणसं पुरली. त्यात आपले गढवाल रायफल्सचे जवानही होते, हे घरी येऊन वाचलं. शाळेत पहिलं महायुद्ध म्हणजे नुसत्या सनावळ्या! पुढच्या नाताळला असलं काही होऊ नये म्हणून वरच्या साहेबांनी सक्त हुकूम काढले म्हणे. जाम राग आला त्यांचा.