माकडतापाची सभा

काजूचा हंगाम तोंडावर आला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आमच्या आरोग्यसभा सुरू होतात. विषय माकडताप, म्हणजे जंगलातल्या गोचिडी चावल्याने होणारा ताप. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली ओळखला गेलेला हा आजार २०१५ मध्ये आमच्या तालुक्यात येऊन पोचला.

सभेसाठी वरून सादरीकरण मिळालं होतं. त्यात विषाणूचं कुळ, गोचिडीचं शास्त्रीय नाव, आलेख असं सगळं होतं. प्रशिक्षणाला ते उत्तम. पण देवळाच्या मंडपात माझ्यासमोर बसणार होती दिवसभर राबून आलेली माणसं. म्हणून मी आधी कागदावर एकच प्रश्न लिहिला: इथून उठलेला माणूस उद्या काजूत जाताना काय वेगळं करेल? त्याच्या उत्तराला न लागणारं सगळं काढून टाकलं. उरलं ते इतकंच. अंगभर कपडे, उघड्या अंगाला गोचिडी दूर ठेवणारं तेल, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ, आणि मेलेल्या माकडाला हात न लावता आम्हाला कळवणं. मृत्यूचे आकडेही सुरुवातीला घेतले नाहीत. घाबरलेला माणूस ताप लपवतो, असं माझं मत आहे.

स्पिरिटच्या बाटलीत मेलेल्या गोचिडी नेल्या होत्या. माणसाला चावतात ती बहुतेक त्यांची पिल्लं, तिळाहून बारीक. बाटली हातोहात फिरली तशी मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. मग मी सांगितलं, माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि तिथल्याच पातेऱ्यात, वाळक्या पानांत, पसरतात. आणि विचारलं, "यंदा कोणी मेलेलं माकड पाहिलंय?"

विचारल्यावर मी गप्प राहिले. बोलणाऱ्याला ती शांतता सोसवत नाही, पण तिथेच तग धरावा लागतो.

खांबाला टेकून बसलेले एक काका म्हणाले, "व्हाळाकडे होतं. वास मारत होता म्हणून पोरांनी पुरलं." व्हाळ म्हणजे ओढा.

पुढच्यांना ऐकू गेलं नव्हतं, म्हणून त्यांचं बोलणं मी मोठ्याने पुन्हा सांगितलं. लगेच बायकांमधून आवाज आला, "आम्ही पातेरा तिथूनच आणतो गो!" आणि एक वयस्क बाई हळूच म्हणाली, "बाय, माझ्या सुनेला कालपासून ताप आहे. डोकं फुटतंय म्हणते."

तिच्या शेजारच्या दोघी सरकून बसल्या. मला ते दिसलं. माणसापासून माणसाला हा ताप होत नाही, हे मी शेवटी सांगणार होते. ते तिथल्या तिथे, दोनदा सांगितलं आणि बोलता बोलता त्या बाईजवळ जाऊन बसले. पुढचं सादरीकरण बंद केलं. पडद्यापेक्षा आता त्या व्हाळाची वाट महत्त्वाची होती. कोणी पुरलं, कोण तिथे जातं, आणखी कोणाला ताप आहे, हे सगळं त्या मंडपातच कळलं.

सुनेला त्याच रात्री वाळपईच्या इस्पितळात नेलं. तपासणीत माकडतापच निघाला. यावर खास औषध नाही. सलाईन, रक्तातल्या पेशींवर लक्ष, रक्तस्राव होतोय का ते पाहणं, एवढंच हातात असतं, म्हणून लवकर येण्याला मोल. ती बरी होऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी व्हाळाच्या भोवताली कीटकनाशक पावडर मारली. ती पोरं आठवडाभर आमच्या देखरेखीखाली होती, कोणालाच ताप आला नाही.

पुढच्या गावाच्या सभेसाठी टिपणाचा क्रम बदलला आहे. हा आजार माणसापासून माणसाला होत नाही, हे वाक्य आता मेलेल्या माकडाच्या प्रश्नाआधी येतं.