हजेरी आणि हिस्सा

अमळनेरात वाढलेल्या आमच्या पिढीला शेअर म्हणजे काय, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकाआधी ओट्यावरच्या गप्पांतून कळले. मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी १९४५ साली येथे वनस्पती तुपाची कंपनी सुरू केली आणि तीच पुढे विप्रो झाली. गावातील ज्या शेतकऱ्यांनी व दुकानदारांनी तिचे शेअर घेतले आणि न विकता पेटीत ठेवले, त्यांच्यापैकी काहींची घरे कोट्यधीश झाली. २००४ साली एका शेअरमागे दोन बोनस शेअर, म्हणजे फुकट वाढीव शेअर, मिळाले, पुढच्याच वर्षी एकास एक. शेअर सांभाळणाऱ्याने त्यासाठी काय केले? विकले नाहीत, एवढेच. (तेही सोपे नसते, मुलीच्या लग्नात शेअर काढून टाकणारेही पुष्कळ होते.)

या सुबत्तेचा मला हेवा नाही. मात्र आमच्या गल्लीतले एक आबा आयुष्यभर एका डाळमिलमध्ये पोती वाहत होते, आणि त्यांचा हिशेब आठवला की माझे मन अडखळते. कारखान्यात पैसा लावणाऱ्याचा हक्क कारखाना असेपर्यंत चालतो, मुलानातवंडांकडेही जातो. अंग झिजवणाऱ्याचा हक्क मात्र शनिवारी पगार हाती पडला की संपतो. मालाला आकार दोघांमुळे आला असेल, तर एकाचा वाटा वाढत राहावा आणि दुसऱ्याचा दर आठवड्याला मिटावा, हे कोणत्या न्यायाने?

यावर नेहमीचे उत्तर असे, की भांडवलदार जोखीम घेतो. ते खोटे नाही. पण मर्यादित कंपनीत भागधारकाचे नुकसान त्याने घातलेल्या रकमेपुरतेच असते आणि फायद्याला मात्र छप्पर नसते. हमालाची जोखीम त्याच्या गुडघ्यांत आणि मणक्यात असते, ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. १९६५ च्या बोनस कायद्याने कामगाराचा थोडा हक्क मान्य केला: तोटा झाला तरी वर्षाच्या पगाराच्या किमान ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, आणि नफा कितीही झाला तरी कमाल २० टक्के. हे २० टक्क्यांचे छप्पर मला फार बोलके वाटते. शिवाय आबांसारख्याचे नाव मुळात मालकाच्या हजेरीपटावर नसते, ते मुकादमाच्या वहीत असते; मग बोनस मागायचा कोणाकडे?

दानाचा मार्ग खानदेशाला नवा नाही. प्रताप शेठजींनी अमळनेरात गिरणी काढली, तत्त्वज्ञान मंदिर उभे केले, आणि त्यांच्या नावाच्या महाविद्यालयात आमच्या भागातली कित्येक मुले शिकली. अझीम प्रेमजींनी २०१९ मध्ये विप्रोच्या आणखी ३४ टक्के शेअरचे उत्पन्न समाजकार्यासाठी देण्याचे जाहीर केले. श्रीमंताने आपली संपत्ती समाजाची ठेव म्हणून सांभाळावी, ही गांधीजींची विश्वस्ताची कल्पना याहून फार वेगळी नव्हती. मला या दातृत्वाबद्दल आदर आहे. तरीही किती द्यायचे, कोणाला आणि केव्हा, हे देणाराच ठरवतो, आणि घेणाऱ्याला हात पसरावा लागतो. साने गुरुजी याच गावात गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा मागणी दानाची नव्हती.

मला पटणारी वाट अशी, की कामाच्या वर्षांनुसार कामगारालाही मालकीत थोडा हिस्सा मिळावा. संगणक क्षेत्रातील कंपन्या अभियंत्यांना शेअर देतात तेव्हा त्याला कोणी समाजवाद म्हणत नाही, चांगली माणसे टिकवण्याची युक्ती म्हणतात. हमालाच्या बाबतीत तीच युक्ती एकदम अव्यवहार्य कशी होते, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. अडचणी आहेत, हे कबूल: लहान मिल शेअर बाजारात नसते, आणि मुकादम बदलला की वर्षांची मोजणी तुटते. म्हणून आधी हजेरी मिलच्या नावावर लागली पाहिजे.

आबांना मी हे एकदा समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग मी तठे किती वरीस व्हतो, हाई कोन लिखी ठेयेल शे?"