बोअरचा काळा चहा: रंग लोखंडाने केला, पण थेंब कोणी खाल्ले?

सापडलं मंडळी, शेवटी सापडलं! मागच्या नोंदीत बोअरच्या पाण्याने ग्रीन टी कसा शाईसारखा होतोय ते लिहिलं होतं, त्यावर कोणी पातेलं बदल म्हणालं, कोणी पत्ती जुनी आहे म्हणालं. दोन्ही नाही. पाण्याचंच आहे सगळं, पण एका पाण्यात दोन वेगळे चोर आहेत आणि दोघांचं काम वेगळं आहे, हे कळायला बराच वेळ गेला. कोल्ड ब्रूचे, म्हणजे थंड पाण्यात भिजवून केलेल्या चहाचे आकडे आज टाकणार होतो, ते मागे पडले.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. कोकणात गुहागरच्या वरच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, आमची वाडी, खाली सगळा जांभा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो पण जांभा म्हणजे नुसती भोकं, पाणी थांबतच नाही, मग मार्च-एप्रिल आला की विहिरीचे झरे आटतात आणि आम्ही बोअरवर येतो. विहिरीचं पाणी जांभ्यातून झिरपलेलं, हलकं, किंचित आंबटपणाकडे झुकणारं. बोअर मात्र जांभ्याच्या खाली काळ्या बसाल्टमध्ये गेलेली, तिथलं पाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियमचं बायकार्बोनेट भरलेलं. एकाच अंगणात दोन वेगळ्या दुनिया.

पद्धत तीच आहे, दोन ग्रॅम कुन्नूरची पत्ती, २०० मिली पाणी, ८० डिग्री, तीन मिनिटं, गाळून गार करायचं आणि मग थेंब-टेस्ट. मेडिकलमधलं पोव्हिडोन आयोडीन दहापट पातळ करून ड्रॉपरमध्ये, ग्लासात चहा आणि चमचाभर पेजेची निवळ. चहातली कॅटेचिन्स, म्हणजे त्यातली कडवट अँटिऑक्सिडंट द्रव्यं, जोवर शिल्लक आहेत तोवर आयोडीनचा रंग विरत जातो, संपली की पेजेतल्या स्टार्चला आयोडीन धरतं आणि निळं टोक येतं, तोवर किती थेंब लागले ते मोजायचं. पेज कोलमची घ्या, आपल्या लाल तांदळाची अजिबात नको, त्याच्या कोंड्यातली रंगद्रव्यंच आयोडीन खातात आणि सगळा हिशोब बिघडतो. शिवाय थेंब टाकायच्या आधी प्रत्येक ग्लासात सारखंच थोडं पांढरं व्हिनेगर टाकतो, कारण अल्कली पाण्यात आयोडीन स्वतःच उद्योग करतं. आणि हो, या टेस्टने एकूण 'आयोडीन खाण्याची ताकद' कळते, ईजीसीजी (कॅटेचिन्समधलं मुख्य) किती ते नाही. प्रयोगशाळेत एकूण पॉलिफेनॉल (कॅटेचिन्स त्यांतलीच) मोजायला फोलिन-सिओकाल्टू नावाची चाचणी वापरतात, २००५ सालचं आयएसओ १४५०२-१ हे आंतरराष्ट्रीय मानक त्यावरच आहे, पण ते घरी करायचं काम नाही आणि एकाच पत्तीची दोन पाण्यांत तुलना करायला आपली थेंब-टेस्ट पुरेशी आहे असं माझं ठाम मत आहे.

आता मुख्य गोष्ट. विहिरीच्या पाण्यातला चहा ३१ थेंब घ्यायचा. त्याच डब्यातली पत्ती बोअरच्या पाण्यात टाकली तर २१. आणि रंग म्हणजे काय सांगू, नळातून येताना पाणी काचेसारखं, पत्ती पडल्यावर मिनिटभरात जांभळट करडं आणि पाच मिनिटांत काळपट, वर एक चमकदार साय, चमच्याने बाजूला केली की काठाला चिकटते. चवीला पण कडवटपणा गेलेला, सपक.

काळा रंग लोखंडाचा हे लगेच लक्षात आलं. बोअरमध्ये खोलवर हवा नसते त्यामुळे लोखंड विरघळलेल्या रूपात राहतं आणि पाणी स्वच्छ दिसतं, वर येऊन हवा लागली की त्याचा गंज होतो आणि बादलीच्या तळाला तांबूस गाळ बसतो. मोरीच्या फरशीवर जे डाग पडतात ना, तेच. पाण्यात लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोखंड असलं तरी कपड्यांना डाग पडायला लागतात. आणि चहातल्या पॉलिफेनॉलना लोखंड भेटलं की काळं संयुग तयार होतं. हिरडा आणि हिराकस एकत्र करून पूर्वी शाई करायचे, कापड रंगवणारे आजही त्यावरच काळा-करडा रंग काढतात, तीच रसायनं आपल्या कपात.

म्हणून आधी लोखंड काढायचं ठरवलं. एका बादलीतून दुसऱ्या बादलीत उंचावरून ओतायचं, पुन्हा उलटं, फेस येईपर्यंत, मग रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी वरचं पाणी अलगद घेऊन धुतलेल्या जाड वाळूतून आणि वर सुती फडक्यातून गाळायचं. फडक्यावर विटकरी रंगाची साय राहते, ती बघून फार समाधान वाटतं. त्या पाण्यात चहा केला आणि काय सुंदर रंग आला! पिवळसर हिरवा, ग्लासाच्या मागे ठेवलेल्या कागदावरची अक्षरं वाचता येतील इतका. आईला बोलावून दाखवला.

थेंब किती? २२.

म्हणजे रंग आला परत, थेंब नाही आले. इथेच अडकून बसलो होतो इतके दिवस. नंतर कागद घेऊन हिशोब केला तेव्हा डोक्यात उजेड पडला. लिटरभर चहात कॅटेचिन्स काही शे मिलिग्रॅम असतात आणि लोखंड एक-दोन मिलिग्रॅम, एवढंसं लोखंड तिसरा हिस्सा कॅटेचिन्स गिळूच शकत नाही. ते रंग मात्र भरपूर देतं. म्हणजे आपण सगळे ज्याच्याकडे बघतोय तो चोर नुसता आरडाओरडा करणारा, खरा ऐवज दुसराच घेऊन जातोय.

तो दुसरा पकडला मत्स्यालयाच्या दुकानातल्या केएच किटने, म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट मोजणाऱ्या किटने. माशांच्या टाकीसाठी असतं ते, पाच मिली पाण्यात थेंब टाकत जायचे, निळं पाणी पिवळं झालं की थांबायचं, जितके थेंब तितकी बायकार्बोनेटची डिग्री. विहीर २, बोअर १३. एका डिग्रीला लिटरमागे १७.८ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे बोअरमध्ये २३० च्या आसपास. पाण्यात एकूण क्षार किती ते दाखवणाऱ्या टीडीएस पेनने हे कधीच कळलं नसतं, त्याला विद्युतवाहकता कळते, त्यात मीठ किती, चुना किती, याचा पत्ता नाही आणि लोखंडाबद्दल तर ते काहीच सांगत नाही. त्या पेनवर पैसे घालवण्यापेक्षा केएच किट घ्या हे मी प्रत्येकाला सांगेन. आणि पेनचा आकडा दाखवून आरओ विकायला जे लोक दारात येतात त्यांना आधी विचारा, लोखंड किती आणि बायकार्बोनेट किती.

कॅटेचिन्सचा स्वभाव असा की आम्लात ती शांत बसतात, पीएच ४ च्या खाली तर मस्त टिकतात, पण पीएच ७ ओलांडलं की ऑक्सिडाइज व्हायला लागतात, गरम असेल तर अजून भराभर. वर कॅल्शियममुळे पानातून ती निघतातच कमी. अमेरिकेत कॉर्नेलच्या लोकांनी २०१९ मध्ये न्यूट्रिएंट्स या नियतकालिकात छापलं होतं, ग्रीन टी नळाच्या पाण्यात आणि बाटलीच्या पाण्यात केला तर ईजीसीजीमध्ये जवळजवळ दुपटीचा फरक, आणि गंमत म्हणजे पिणाऱ्यांना नळाच्या पाण्यातला जास्त आवडला कारण कडू कमी लागतो. आमच्या बोअरचा 'सपक' म्हणजे तेच की! वरच्या चमकदार सायीबद्दलही १९९३ मध्ये नेचरमध्ये स्पायरो आणि जगन्यी यांनी दाखवलंय की तिला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही लागतात.

मग उपाय. पाणी दहा मिनिटं खळखळ उकळलं, गार करून वरचं घेतलं, पातेल्याच्या तळाला पांढरी पूड राहिली. थेंब २५. बरं, पण पूर्ण नाही, आणि गॅस जळतो तो वेगळाच. मग सायट्रिक अ‍ॅसिड, किराणा दुकानात मिळतं ते. लिंबू मुद्दाम नाही घेतलं, कारण लिंबात व्हिटॅमिन सी आहे आणि ते स्वतःच आयोडीन खातं, आकडा फुगलेला दिसतो आणि आपण खूश होतो. सायट्रिकचं तसं नाही, ब्लँक घेतला, साध्या पाण्यात सायट्रिक आणि पेज टाकून, पहिल्याच थेंबाला निळं. लिटरला पाव ग्रॅम टाकलं, पत्ती टाकायच्या आधी, पाणी ओतून गाळून घेतलेलंच होतं. थेंब २९!!! आणि न गाळलेल्या बोअरच्या पाण्यातसुद्धा काळेपणा बराच उतरला, कारण सायट्रिक लोखंडाला धरून ठेवतं. चवीला आंबटपणा लागतच नाही, तो सगळा बायकार्बोनेट मारण्यात खर्च होतो.

२९ चा अर्थ काय, तर डब्यावर काय छापलंय त्यापेक्षा पाणी कुठलं याला जास्त वजन आहे. मी ज्याच्याकडून पत्ती मागवायचो तो एक ऑनलाइन विक्रेता पाकिटावर मोठ्ठा अँटिऑक्सिडंट स्कोअर छापतो, ओआरएसी म्हणून. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्या आकड्यांचा डेटाबेस २०१२ मध्येच काढून टाकला, कारण टेस्ट ट्यूबमधला आकडा शरीरात तसाच लागू होत नाही. आपली थेंब-टेस्टही कपापुरतीच आहे, हे धरूनच चाला. त्या विक्रेत्याकडून मी आता घेत नाही, कुन्नूरहून थेट मागवतो, पान अख्खं असतं आणि तोडणीचा महिना लिहिलेला असतो.

शरीरात काय होतं यावर माणसांवरची मोठी कामं आहेत ती मात्र आवर्जून वाचा. जपानात मियागीमधल्या चाळीस हजारांवर लोकांचा अभ्यास २००६ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला, ग्रीन टी जास्त पिणाऱ्यांत हृदयविकाराने आणि पक्षाघाताने मरण्याचं प्रमाण कमी दिसलं, कॅन्सरच्या बाबतीत तसं दिसलं नाही. २०२२ मध्ये ब्रिटनच्या सुमारे पाच लाख लोकांवरचा आला, तिथे बहुतेक सगळे काळ्या पत्तीच्या चहावाले, ग्रीन टीवाले नव्हेत, रोज दोन किंवा जास्त कप पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्के कमी, आणि दूध घातलं न घातलं तरी तेच. ही निरीक्षणं आहेत, चहामुळेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही. दुधाचं भांडण तर चालूच आहे, २००७ मध्ये बर्लिनमध्ये १६ बायकांवर केलं त्यात दुधामुळे रक्तवाहिन्यांवरचा फायदा गेला, पण त्याआधी १९९८ च्या एका कामात रक्तातल्या कॅटेचिन्सवर दुधाचा परिणाम दिसला नव्हता. दुधाच्या चहाला आपली थेंब-टेस्ट लावू नका, प्रोटीन आयोडीन खातं. आणि अर्काच्या गोळ्यांच्या भानगडीत पडू नका, दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गोळीतून घेतलं तर लिव्हरला त्रास होऊ शकतो असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय.

या सगळ्यातून एक काम घरातच झालं आणि ते मला ३१ थेंबांपेक्षा मोठं वाटतं. आत्येला रक्त कमी म्हणून लोहाची गोळी चालू आहे, आणि ती सकाळच्या चहाच्या घोटाबरोबर घ्यायची. कितीदा सांगितलं, "आत्ये, चहाबरोबर नको गो घेऊ", तर "गोळी पोटात गेल्याशी मतलब" म्हणायची. परवा तिच्यासमोर गोळी कुटून कोऱ्या चहाच्या ग्लासात टाकली. लाल वेष्टनाचे कण वर तरंगले, खालून काळी-निळी वलयं चढत चढत वर आली आणि ग्लास दौतीसारखा झाला. आत्ये वाकून बघत बसली, म्हणाली, "म्हणजे रे, एवढे दिवस औषध ह्यात बुडत होतं?" बुडत होतं बऱ्यापैकी, कारण पोटात पण हेच होतं, चहा वनस्पतींतलं आणि गोळीतलं लोह अडवतो, तासाभराचं अंतर ठेवलं की हा अडथळा पुष्कळ कमी होतो. आता गोळी दुपारी कोकमाच्या सरबताबरोबर. आपल्याकडे किती बायका अशक्त आहेत आणि जेवण झालं की लगेच चहा टाकतात, तुमच्या घरात कोणी असेल तर हा ग्लास करून दाखवाच.

सरबतावरून आत्ता लिहिता लिहिता सुचलं, सायट्रिक कशाला, कोकमच का नाही? आम्ल आहेच, सगळ्या अंगणांत आत्ता सालं वाळत पडलीत, आणि २००७ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात पचनाची नक्कल करून दाखवलं होतं की लिंबूरस घातला तर कॅटेचिन्स ८० टक्क्यांपर्यंत टिकतात, नुसत्या चहात २० सुद्धा नाही. अडचण ही की कोकमाच्या लाल रंगाला पण आयोडीन खायची सवय, म्हणजे ब्लँक काळजीपूर्वक घ्यावा लागेल, आणि गडद लालात निळं टोक दिसेल का? खूप पातळ करून बघतो. आगळ नको, मीठ असतं, चहा बिघडेल. ताज्या सालाचा रस घेणार.

त्यामुळे कोल्ड ब्रू अजून पुढे गेला. तोही आता पागोळ्यांच्या पाण्यात करायचं म्हणतोय, पहिले काही पाऊस कौलं धुऊन गेले की मग धरलेलं पाणी, केएच जवळजवळ शून्य असायला हवा, उकळून गार करूनच वापरेन. विहीर, पागोळ्या, सुधारलेलं बोअर असे तीन ग्लास शेजारी ठेवून.

वेंगुर्ला, देवगडकडच्या मंडळींना एक विनंती, तुमच्यातल्या काहींच्या विहिरी समुद्राला लागून आहेत आणि मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्याचा केएच आणि थेंब दोन्ही काढून कळवा, पत्ती दोन ग्रॅम, व्हिनेगर विसरू नका. मिठाचा परिणाम किती ते मला इथे सड्यावर बसून कळणार नाही.