कर्केतला मंगळ

16 जानेवारी 2025, गुरुवार

काल भाचीचा फोन आला तेव्हा आवाजच बसला होता तिचा. दोन महिन्यांच्या लेकीची पत्रिका कुणाला तरी दाखवली आणि त्या गृहस्थांचं पहिलंच वाक्य, "मंगळ नीचेचा आहे हो." पुढचं तिला काही ऐकूच आलं नाही. "मावशी, म्हणजे नेमकं काय गं?"

उद्या सांगते म्हटलं. हेच वाक्य मी तेविसाव्या वर्षी ऐकलंय, बघायला आलेल्या मंडळींसमोर. मंगळ कर्केत, मुलीत धमक नाही. पोह्यांच्या बश्या उचलताना आईचे हात थरथरत होते, ते अजून डोळ्यांसमोर आहेत.

आज दुपारी पत्रिका नीट मांडून बसले. मंगळ मकरेत उच्चीचा, म्हणजे सगळ्यात बळकट, 28 अंशांवर परमोच्च. समोरच्या कर्केत नीचेचा, म्हणजे सगळ्यात दुबळा, 28 अंशांवर परमनीच. हिचा मंगळ 9 अंशांवर, त्या टोकापासून बराच लांब. कर्क रास चंद्राची, जलतत्त्वाची, आईची, घराची. अग्नीचा ग्रह पाण्यात राहायला गेला की त्याची धग आत जाते. अशी माणसं तडकाफडकी भांडत नाहीत, मनात धरून ठेवतात. रडू आधी येतं, शब्द मागाहून. हे खरंच आहे, मी भाचीपासून लपवणार नाही. पण आपल्या माणसांवर वेळ आली की हाच मंगळ उभा राहतो. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस मला आजही जमत नाही. बाबांच्या शेवटच्या आजारपणात मात्र सलग अकरा रात्री खुर्चीत बसून काढल्या. घरी जा म्हणणाऱ्या कुणालाही जुमानलं नाही.

आणि हिची पत्रिका तर माझ्याहून कितीतरी बळकट. जन्म त्रिपुरी पौर्णिमेचा, 15 नोव्हेंबर. चंद्र मेषेत म्हणजे मंगळाच्या घरी, मंगळ कर्केत म्हणजे चंद्राच्या घरी. दोघांनी घरांची अदलाबदल केलीय. परिवर्तन योग! इथे नीचेचा मंगळ एकटा पडतच नाही. चंद्र कुठे आहे एवढं बघायला किती वेळ लागला असता? 'नीच' हा शब्द ग्रहाच्या बळाचा. तो ओल्या बाळंतिणीच्या कानावर असा टाकून मोकळं व्हायचं नसतं. याचा मला फार राग आलाय.

आठ वाजता गच्चीवर गेले. परवा संक्रांत झाली, सूर्य मकरेत आला. आज मंगळ बरोबर त्याच्यासमोर, प्रतियुतीत आणि वक्री, म्हणजे उलटा मागे सरकताना दिसणारा. एरवी एका राशीत दीडेक महिना राहणारा ग्रह यंदा 20 ऑक्टोबरपासून कर्केत आहे, 21 तारखेला मागे मिथुनेत जाईल. पूर्वेला पुनर्वसूचे दोन तारे आणि त्यांच्या उजवीकडे तो, निखाऱ्यासारखा, अजिबात न लुकलुकणारा. चंद्र अजून उगवायचा होता.

तिथूनच भाचीला फोन लावला. सगळं सांगितलं, रडू आधी येतं तेही. मग म्हटलं, बाळाला घेऊन पूर्वेच्या खिडकीशी ये. बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू येत होती.

"दिसला गं मावशी! केवढा तेजस्वी आहे."

पत्रिका उद्या वहीच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून पाठवते. योगाचं नाव लाल शाईने.